राजाक्काच्या पिशव्या आणि बाळ्याचा दंड

दुकानात प्लॅस्टिकच्या पिशव्या सापडल्या म्हणून बाळ्याला दंड झाला. त्याची पाच हजारांची पावती त्यानं शर्टाच्या वरच्या खिशात घडी घालून ठेवली आहे. कट्ट्यावर जो येईल त्याला ती लग्नपत्रिकेसारखी उघडून दाखवतो.

"मी बनवल्या व्हय पिशव्या? रोज सकाळी टेम्पो येतो, गठ्ठं टाकून जातो. त्यो टेम्पो पथकाला दिसत न्हाई. माझ्या गल्ल्यामागं खोचल्याल्या बरोबर दिसत्यात!"

टेम्पोचं खरं आहे, तो इचलकरंजीत कुणापासून लपलेला नाही. पण २०१८ च्या जूनमध्ये राज्यात बंदी लागू झाली तेव्हाही बाळ्या हेच म्हणाला होता. २०२२ च्या जुलैत केंद्राची आली तेव्हाही. मुंबईच्या २००५ च्या पुरानंतर ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्या बंद असा नियम आला तेव्हा गल्ल्यावर त्याचे वडील बसायचे, त्यांचंही म्हणणं काही वेगळं नव्हतं. किराणा दुकानाबरोबर तक्रारही वारशानं आली.

तात्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. तात्या जन्मभर साध्या मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, बोलणंही तसंच, खटक्यावर. "राजाक्का कापडी पिशव्या घिऊन तुझ्या दारात आली हुती, तवा काय धाड भरली हुती तुला? तवा ठेवल्या असत्यास तर काल धाड पडली नसती."

"पंचवीसची पिशवी कोण घेणार तात्या? गिऱ्हाईक दहाची कोथमीर घेतंय आन् पिशवी फुकट मागतंय."

"पंचवीस कुठं? परत आणली की वीस माघारी. खर्च पाच."

"आणि ते वीस माझ्या गल्ल्यातनं द्यायचं! वर पिशवीला बोंबलाचा वास, हळदीचं डाग..."

"धुती कोण? तू का अक्का?"

बाळ्या गप्प. राजाक्काच्या शेडमध्ये शिवायला बसतात त्या बायका आधी मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. माग बंद पडले, कांड्या थांबल्या. ताक्यात डाग पडला, तार गेली म्हणून व्यापाऱ्यानं नापास केलेलं कोरं कापड ती वजनावर उचलते. धुण्यासाठी दोन बायका वेगळ्या आहेत. पाच रुपयांत दोरा, साबण, मजुरी आणि टेम्पोभाडं बसवायचं असतं. ते बसतं ते पिशवी पुन्हा पुन्हा फिरली तरच.

"इकून मोकळी झाली असती तर बंगला बांधला असता तिनं," तात्या म्हणाला. "लोकं पिशवी घरी इसरत्यात. जितकी इसरतील तितका शिवणाऱ्याचा धंदा. ही बाई उलटी. गिऱ्हाइकाला म्हणती, नवी घिऊ नगं, जुनी आण."

इथं बांबूचं आगमन झालं. खरं नाव वेगळं आहे, पण पुण्याहून आल्यापासून हा बांबूच्या ब्रशनं दात घासतो आणि ते प्रत्येकाला सांगतो. (त्या ब्रशचे केस नायलॉनचे असतात हे त्याला पक्यानं सांगितलं, तेव्हापासून दोघांचं फारसं बोलणं नाही.) हातात बाराशेची स्टीलची बाटली. हिरो होंडावर बसून पर्यावरणावर बोलायचं म्हणजे गाडी चालूच ठेवायची, अशी त्याची पद्धत.

"मुळात तुमची चर्चाच चुकीची आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अहवाल वाचा. सुती पिशवी ७१०० वेळा वापरली तर ती प्लॅस्टिकच्या बरोबरीला येते."

"गाडी बंद कर आधी," तात्या म्हणाला. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "रोज एकदा म्हटलं तर साडेएकोणीस वर्सं. बाळ्याची उधारी याच्याहून जुनी हाय."

बांबू पुढचं सांगत नाही, म्हणून मी सांगतो. ७१०० हा आकडा पर्यावरणाच्या सगळ्या कसोट्यांत जी सर्वांत वाईट, म्हणजे ओझोनचा थर झिजण्याची, तिच्यावरून आलेला. नुसत्या हवामानबदलाचा हिशेब धरला तर त्याच अहवालात ५२ येतात. आणि तो हिशेब पिशवीसाठी कापूस पिकवण्यापासूनचा आहे. राजाक्काचं कापड तर विणून, नापास होऊन गोदामात पडलेलं.

"पण कापडाच्या प्रोसेसचं काय? रंगाचं पाणी पंचगंगा नदीतच जातं ना?" बांबूनं विचारलं.

यावर क्षणभर कुणी बोललं नाही. पाण्यातनं आलेली २०१२ ची काविळीची साथ आमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या घरात येऊन गेलेली आहे.

"म्हणून तर ती कोरं वापरती," तात्या म्हणाला. "रंग न्हाई, ब्लीच न्हाई. पिशवी मळकी दिसती. तुझ्यासारख्याला लाज वाटती घ्यायला."

बाळ्याला आता सापडला मुद्दा. दुकानात जाऊन एक निळी पिशवी घेऊन आला. "ही बघा. दंड झाल्यावर लगीच कापडी आणली. तीन रुपयाला! अक्काला जमतंय व्हय?"

पिशवीवर आमच्या प्रभागातल्या एका इच्छुकाचा हात जोडलेला फोटो. तात्यानं ती चिमटीत धरली, उजेडात बघितली. "बाळ्या, तू कापडाच्या गावात जलमलास. हिच्यात उभा धागा दाखव. आडवा दाखव." मग पक्याकडून लायटर घेतला. सूत जळलं की राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो, हे इथं शाळकरी पोरालाही माहीत. पिशवी आक्रसली, वितळली आणि टोकाला काळा टणक मणी झाला.

"साहेब वितळलं!" पक्या ओरडला.

"पातळ प्लॅस्टिकच हाय ती," तात्या म्हणाला. " उद्या पथक आलं की फोटोसकट दुसरी पावती. दुसऱ्यांदा दहा हजार असतंय बरं का."

पक्या कापड घेऊन चेन्नईला गाडी मारतो. त्यानं तिकडचं सांगितलं: कोयंबेडूच्या बाजारात मशीन आहे, दहा रुपये टाकले की पिवळी कापडी पिशवी. मंजप्पै म्हणतात. तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी २०२१ च्या डिसेंबरात मोहीम काढली होती.

"बघा! तिथं दहाला देत्यात, हितं पंचवीस!" बाळ्या उसळला.

"तिथं दहा गेलं ते गेलं. हितं पाच जातंय," तात्या. "हिशेब येत न्हाई म्हणूनच तुझा गल्ला रोज कमी भरतोय."

"लोकं परत आणतच न्हाईत वो तात्या कुठली वस्तू!"

"हे मातर खरं. माझा बासुंदीचा डबा तुझ्याकडं गेला त्याला किती दिवाळ्या झाल्या? डिपॉझिट घ्याला पायजे हुतं. झाकणावर सासऱ्याचं नाव घातल्यालं हाय. रोज माझ्या सासऱ्यात शेंगदाणं ठेवत असशील."

"आईशप्पत न्हाई माझ्याकडं! त्यो मी बांबूच्या घरला चकल्या घालून पाठवला हुता."

सगळे बांबूकडं वळले. बांबूनं गाडीला किक मारली. "आमच्याकडं एक डबा आहे, पण त्यावर बाळूकाकाच्या आजीचं नाव आहे."

"आज्जीचा?" बाळ्या उठून उभा राहिला. "अरं त्यो आम्ही धा वर्सं हुडकतोय! त्याच्यावरनं माझ्या काकीनं काकाशी बोलणं टाकलंय!"