पेशी शांत म्हणजे मेंदू शांत असं नाही ना!
लीक चॅनलवरचा (म्हणजे पेशीच्या आवरणातल्या, पोटॅशियम जाऊ देणाऱ्या छिद्रांवरचा) लेख आवडला, पण त्यातलं "पोटॅशियमचं लीक चॅनल उघडलं की मेंदू शांत होतो" हे वाक्य जरा खटकलं. पेशी शांत होते हे बरोबर, पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आतलं व्होल्टेज उणे ९० मिलिव्होल्टकडे ओढलं जातं, मग ती पेशी फायर करायला, म्हणजे सिग्नल पाठवायला, तयार होत नाही. पण कुठली पेशी ते बघा की! हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतला आठवणींचा भाग) १०-१५ टक्के पेशी इनहिबिटरी, म्हणजे दुसऱ्यांना गप्प करणाऱ्या, त्यातली एकेक बास्केट सेल हजारावर पिरॅमिडल पेशींना (तिथल्या मुख्य, इतरांना चेतवणाऱ्या पेशी) दाबून धरते, आता वर्गातल्या मॉनिटरलाच झोप लागली तर वर्ग शांत राहील का, उलट गोंधळच वाढणार. आणि टास्क नावाची लीक चॅनल्स या इनहिबिटरी पेशींमध्येपण सापडलीत, बाहेर ॲसिडिक झालं की ती बंद होतात आणि हॅलोथेनसारख्या भुलीच्या गॅसने जास्त उघडतात. म्हणजे तोच गॅस पिरॅमिडल पेशीलापण झोपवणार आणि तिच्या मॉनिटरलापण, निव्वळ परिणाम काय ते नुसत्या चॅनलवरून कसं सांगणार? बाकी "लीक" हे नावच गंडलेलं आहे राव, गळका नळ वाटतो, पण हा नळ तर पेशी कमीजास्त करत असते.