'प्रवाहाविरुद्ध पोहा' हा सल्ला पाण्यात पाळू नका

काल रात्री भाचीने एक मेसेज पाठवून विचारलं, "मामा, हे खरं आहे का?" पुढच्या आठवड्यात ती मैत्रिणींबरोबर समुद्रावर जाणार आहे, म्हणून लगेच लिहितोय. मेसेजचा आशय असा: समुद्रातला प्रवाह माणसाला तळाशी ओढतो, म्हणूनच छुप्या कारस्थानाला 'अंतःप्रवाह' म्हणतात. भरती-ओहोटी म्हणजेच सागरी प्रवाह. प्रवाहपतित तो बुडतो, प्रवाहाविरुद्ध पोहतो तो तरतो, तेव्हा सापडलात तर जीव खाऊन सरळ किनाऱ्याकडे पोहा.

हे शेवटचं वाक्य कुणाचा तरी जीव घेईल. लाटांनी किनाऱ्याशी आणलेलं पाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्रात परततं, तो रिप करंट. तो खाली ओढत नाही, किनाऱ्यापासून लांब नेतो. अमेरिकेची सागर-हवामान संस्था 'नोआ' सांगते की त्याचा वेग सेकंदाला आठ फुटांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ऑलिंपिकच्या जलतरणपटूपेक्षाही जास्त. त्याच्याशी झुंजणारा दमतो आणि दमून बुडतो. तरंगत राहायचं, हात हलवून मदत मागायची, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग तिरकं परतायचं. थोडक्यात, तिथे काही वेळ प्रवाहपतित होणारा वाचतो! 'प्रवाहपतित' हा शब्द स्वतःचा विचार सोडून लोकांमागे जाणाऱ्यासाठी आहे. विचारांच्या जगातला हा ठपका पाण्यातल्या माणसावर ठेवायचा कशाला? आणि त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, तो शांत दिसतो, म्हणून लोक नेमके तिथेच उतरतात.

एक मान्य करतो. उतरत्या किनाऱ्यावर फुटलेली लाट मागे फिरताना पाय ओढले जातात, खाली खेचल्यासारखं वाटतं. पण ती ओढ पुढची लाट येईपर्यंतच.

'अंतःप्रवाह' म्हणजे कारस्थान, हे तर कुठून काढलं? कवितेत कारुण्याचा अंतःप्रवाह असतो, तिथे कोण कुणाविरुद्ध कट करतं? शब्दाचा अर्थ एवढाच, की वर दिसतं त्याहून वेगळं काहीतरी आत वाहतंय. समुद्रातही तेच. 1952 मध्ये प्रशांत महासागरात विषुववृत्तावर मासेमारीच्या खोल सोडलेल्या दोऱ्या पूर्वेकडे जाताना दिसल्या, आणि पृष्ठभागाचं पाणी मात्र पश्चिमेकडे वाहत होतं. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ टाउनसेंड क्रॉमवेल यांच्या नावाने ओळखला जाणारा तो खालचा प्रवाह आडवाच वाहतो, तळाकडे जात नाही.

भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने होते. तिच्यामुळे खाडीच्या तोंडाशी पाणी जोरात आत-बाहेर करतं, हे खरं. पण अटलांटिक महासागरातल्या गल्फ स्ट्रीमसारखा प्रवाह मुख्यतः वाऱ्यांमुळे वाहतो आणि दर सहा तासांनी दिशा बदलत नाही.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला, त्यांनी निदान शेवटचं वाक्य चूक आहे एवढं त्याच ग्रुपवर आजच लिहावं.