13.4 रेंजमध्येच होतं: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती, पण सोबत जोडलेले तिन्ही रिपोर्ट नीट बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं, म्हणून दोन दिवस लागले.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक छापून आला म्हणजे आजार झाला असं नाही. काकांचं म्हणणं असं की हे वाचून लोक रिपोर्ट खणात टाकून मोकळे होतील. त्यांच्या सुनेचा टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं संप्रेरक) एका लॅबमध्ये 4.6 आला तो ठळक होता, आठ दिवसांनी दुसरीकडे 4.4 आला तो साधा होता. डॉक्टर म्हणाले, आत्ता गोळी नको, तीन महिन्यांनी परत बघू. काका विचारतात, नॉर्मल एकच असेल तर दोन लॅबचे दोन नॉर्मल कसे? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काकांचं स्वतःचं हिमोग्लोबिन तीन वर्षं 'नॉर्मल' येत होतं आणि त्याच काळात त्यांच्या पोटातल्या अल्सरमधून थोडं थोडं रक्त जात होतं. "मग ताई, तुमच्या रेंजचा आम्हाला उपयोग काय?"

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि माझा लेख कमी पडला.

तुमचे रिपोर्ट मी टेबलावर शेजारी शेजारी मांडले. 2021 ला हिमोग्लोबिन 15.8, 2022 ला 14.7, 2023 ला 13.4. पुरुषांसाठी छापलेली रेंज 13 ते 17. तिन्ही आकडे रेंजच्या आत, म्हणून एकही ठळक नाही. पण ज्या माणसाचं हिमोग्लोबिन एरवी पंधराच्या वर असतं त्याचं दोन वर्षांत जवळजवळ अडीच ग्रॅमने उतरतं, हे नॉर्मल नव्हे. धडधाकट मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं साधारण एखाद्या ग्रॅमच्या आतच हलतं. तुमच्या बाबतीत ते दर वर्षी एकाच दिशेने जात होतं. त्याच पानावर चार ओळी खाली एमसीव्ही आहे, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. तो 90 वरून 86, मग 81. रेंज 80 पासून सुरू होते, म्हणून तोही साधाच छापला. लोह संपत आलं की पेशी लहान होत जातात, आणि इथे त्या होत होत्या. तुम्ही लिहिलंय की गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या चालू होत्या आणि शौचाला अधूनमधून काळपट होत होतं. ही माहिती आणि हे तीन कागद एकाच वेळी एकाच माणसासमोर आले असते तर पुढची तपासणी 2023 मध्येच झाली असती.

तिसऱ्या रिपोर्टात एकच आकडा ठळक होता, आरडीडब्ल्यू, 15.4. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते तो सांगतो, आणि लोह कमी पडायला लागलं की तो वाढतो. मागच्या लेखात 'याला घाबरू नका' म्हणून मी जे उदाहरण दिलं ते नेमकं आरडीडब्ल्यूचं होतं. एकटा आरडीडब्ल्यू जरा वर असेल आणि बाकी सगळं जागच्या जागी असेल, तर ते वाक्य आजही खरं आहे. पण 'बाकी सगळं जागच्या जागी' हे जुने रिपोर्ट काढून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ते मी लिहिलंच नव्हतं. तुमच्याबद्दल वाचून मला वाईट वाटलं, काका. हे लिहायला हवं होतं.

आता रेंज कुठून येते ते सांगते, म्हणजे तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच मिळतील. समजा 120 धडधाकट माणसं घेतली, प्रत्येकाचं रक्त तपासलं आणि आकड्यांप्रमाणे त्यांना ओळीत उभं केलं. खालची तीन आणि वरची तीन बाजूला काढली. उरलेल्या 114 जणांचे आकडे जिथून जिथपर्यंत पसरलेत ती झाली रेंज. बाजूला काढलेली सहा माणसंही धडधाकटच होती, हे लक्षात घ्या. म्हणजे शंभरातली पाच निरोगी माणसं ठळक छापली जाणार हे रेंज काढतानाच ठरलेलं असतं. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर त्यातली किमान एक ठळक येण्याची शक्यता 64 टक्के असते. सत्तर-ऐंशी तपासण्यांचं 'फुल बॉडी पॅकेज' केलेली माणसं माझ्यासमोर घाबरून बसतात ती यामुळे, आणि मागचा लेख मी त्यांच्यासाठीच लिहिला होता.

1969 मध्ये ग्रेसबेक आणि सारिस या फिनलंडच्या दोन शास्त्रज्ञांनी 'नॉर्मल' हा शब्दच सोडावा आणि 'रेफरन्स' म्हणावं असं मांडलं. रिपोर्टच्या उजव्या रकान्यावर 'बायोलॉजिकल रेफरन्स इंटर्व्हल' असं छापलेलं असतं ते त्यातूनच आलं. शब्द बदलला, पण आपल्या तोंडी 'नॉर्मल आहे ना?' हेच राहिलं. लॅबमध्ये आम्हीही तेच बोलतो.

त्या 114 जणांमध्ये कुणी कायम वरच्या टोकाला राहणारा असतो, कुणी कायम खालच्या. डेन्मार्कमध्ये 16 निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दर महिन्याला तपासून थायरॉईडचा अभ्यास झाला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाचे स्वतःचे आकडे सगळ्यांच्या मिळून रेंजच्या साधारण निम्म्याच पट्ट्यात हलत होते. हिमोग्लोबिनच्या बाबतीत तुमचंही तेच झालं. तुम्ही वरच्या टोकाचे, आणि मोजपट्टी मात्र सगळ्यांची लावली गेली.

याखेरीज त्याच रकान्यात दुसऱ्या प्रकारचे आकडेही छापलेले असतात, आणि दिसायला ते अगदी सारखेच असतात. उपाशीपोटी शुगर 126 किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ही रेघ निरोगी माणसं मोजून काढलेली नाही. साखर किती वाढली की डोळ्याच्या पडद्याला इजा व्हायला लागते ते बघून ती आखली आहे. 1997 पर्यंत ती 140 वर होती, त्या वर्षी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 126 वर आणली. ज्याची शुगर 132 होती त्याच्या शरीरात त्या दिवशी काहीच बदललं नाही, पण उशिरा सापडणारा मधुमेह लवकर सापडायला लागला. अशी रेघ ओलांडली तर 'शंभरात पाच जणांचं होतंच' असं म्हणून चालत नाही. तिथे आणखी एका दिवशी परत तपासून खात्री करायची आणि उपचार सुरू करायचे. मागच्या लेखात या दोन प्रकारच्या रेघा मी वेगळ्या करून दाखवल्या नव्हत्या, म्हणून तुमचा खणाचा मुद्दाही मान्य.

व्हिटॅमिन डीचं तर आणखी वेगळं. एका अमेरिकन समितीने 20 नॅनोग्रॅम पुरेसं म्हटलं, तर 2011 मध्ये तिथल्याच एन्डोक्राइन सोसायटीने 30 हवं म्हटलं. 24 आलेला माणूस एका हिशेबाने बरा, दुसऱ्या हिशेबाने कमी. 2024 मध्ये त्याच सोसायटीने 30 चा आग्रह सोडला. आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टांवर 30 अजून तसाच आहे.

आता सूनबाईंचा टीएसएच. टीएसएच मोजण्याची यंत्रं आणि किट वेगवेगळ्या कंपन्यांची असतात आणि प्रत्येक पद्धतीची रेंज वेगळी असते. एका प्रचलित पद्धतीत 0.27 ते 4.2, दुसरीत 0.35 ते 4.94. पहिल्या लॅबची वरची मर्यादा 4.2, म्हणून 4.6 ठळक. दुसरीची 4.94, म्हणून 4.4 साधा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत उजवा रकाना कापला गेलाय, पण मला जवळजवळ खात्री आहे की तिथे हेच दोन आकडे असतील. शिवाय टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. मध्यरात्रीनंतर तो सगळ्यात वर असतो आणि दुपारी खाली येतो. पहिलं रक्त सकाळी सातला दिलं, दुसरं ऑफिसहून येताना, असं असेल तर एवढा फरक त्यातूनही पडतो. 4.6 आणि 4.4 हे माझ्या दृष्टीने एकच उत्तर आहे.

डॉक्टरांचं तीन महिने थांबणं मला योग्य वाटतं. टीएसएच जरासा वर आणि फ्री टी4 (थायरॉईडच्या स्वतःच्या संप्रेरकाचं रक्तातलं मोकळं प्रमाण) ठीक असेल तर सहसा परत तपासूनच ठरवतात, कारण बऱ्याच जणांचा तो आपोआप खाली येतो. 10 च्या वर गेला तर मात्र गोळीचा विचार होतो. पण सूनबाईंना दिवस गेले असतील किंवा तसा विचार चालू असेल, तर तीन महिने अजिबात थांबू नका, डॉक्टरांना आजच सांगा. गरोदरपणातल्या मर्यादा वेगळ्या असतात आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असतं.

आणखी एक विचारा: केसांसाठी काही गोळी चालू आहे का? गेल्या पावसाळ्यात एक तरुण मुलगी आमच्याकडे आली होती. टीएसएच जवळजवळ शून्य, टी4 खूप वर. कागदावर थायरॉईड अगदी उसळलेला. समोर बसलेली मुलगी मात्र शांत, हात पुढे करायला लावला तर बोटं स्थिर, नाडी 72. पर्समधून तिने गोळ्यांची पट्टी काढली: बायोटिन, 10 मिलिग्रॅम. बऱ्याच थायरॉईड किटमध्ये रसायन पकडून ठेवायला बायोटिनचाच वापर करतात. रक्तात तेच भरपूर असेल तर टीएसएच खोटा कमी आणि टी4 खोटा जास्त दिसतो. आठवडाभर गोळी बंद करून परत रक्त घेतलं, दोन्ही आकडे जागेवर. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2017 मध्येच याबद्दल सावध केलं होतं, तरी रक्त घेताना हा प्रश्न फार कमी ठिकाणी विचारला जातो. आमच्या फॉर्मवर तो आता पहिल्या पाचात आहे.

तेव्हा पुढच्या वेळी सूनबाईंचं रक्त पहिल्याच लॅबमध्ये, सकाळी त्याच वेळेला द्या, आणि फ्री टी4 आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) सोबत करायचं का ते डॉक्टरांना विचारा. अल्सरवरच्या उपचारानंतरचं तुमचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरात साठलेलं लोह दाखवणारा आकडा) मला कळवा. 13 पार झालं म्हणून थांबू नका, तुमचं ठिकाण 15.8 आहे.

मागच्या लेखात आरडीडब्ल्यूच्या परिच्छेदाखाली आज एक ओळ वाढवली आहे: "हा आकडा ठळक असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांचं हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही काढून बघा, ते उतरत असतील तर रेंजच्या आत असले तरी डॉक्टरांकडे जा."