पाचनईची गोधडी आणि दोन स्टार

सकाळी चहाच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट येऊन पडला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. आता दुपारचे तीन वाजलेत, भात खाली लागला, आणि मी अजून तेच वाचत बसलेय. म्हणून इथे लिहून मोकळी होते. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

तर आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा. यंदा नाताळ गुरुवारी आला, शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस सलग सुट्टी. अर्धं शहर सह्याद्रीत होतं. हाही मित्रांना घेऊन हरिश्चंद्रगडाला गेला. मुक्काम पायथ्याला, पाचनईत, एका घरी. परत आल्या आल्या त्या घराला मॅपवर पाचपैकी दोन स्टार दिले, आणि वर ग्रुपवर टाकलं की इथे कोणी जाऊ नका. तक्रारी काय, तर आंघोळीला माणशी एकच बादली गरम पाणी. संडास बाहेर. खोली गारठलेली. वायफाय नाही. जेवणात चॉइस नाही. पहाटे चार वाजता कोंबडा आरवतो. (कोंबड्याचीही तक्रार!) आणि शेवटी, गडावरच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसलं नाही.

अरे बाबा, इंद्रवज्र दिसायला दरीत ढग भरलेले लागतात आणि सूर्य तुझ्या पाठीशी. मग कुठे समोरच्या धुक्यावर ते गोल इंद्रधनुष्य उमटतं. १८३५ साली कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला दिसलं म्हणून आपण आजतागायत सांगतो, इतकी ती नशिबाची गोष्ट. ती पावसाळ्याची मजा. डिसेंबरात दरी कोरडी ठणठणीत असते. तुला ढग मिळाले नाहीत म्हणून त्या घरवालीचे स्टार कापायचे?

स्क्रीनशॉटमध्ये फोटो होता. निळं दार, दाराशी दगडी ओटा. मी झूम करून पाहिलं आणि पोटात कालवलं. हे घर मी ओळखते.

२००९ चा डिसेंबर. आम्ही पाच जणी खिरेश्वरहून तोलार खिंडीने वर गेलो होतो, उतरायचं पाचनईला. कोकणकड्यावरून सूर्यास्त बघायचाच असा माझाच हट्ट. त्यात अंधार पडला. पाचनईच्या वाटेला तो मोठा कातळकडा डोक्यावर येतो ना, त्याच्या पोटातून चालताना माझा पाय घोट्यातून मुरगळला. दोन बॅटऱ्या, त्यातली एक मिणमिणती. मी अर्धी वाट बसून, घसरत उतरले. गावात पोचलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. सगळी दारं बंद. ओळख ना पाळख, बुकिंग हा शब्द तिथे कुणी ऐकलेला नसेल. या निळ्या दारावर थाप मारली. काकूंनी दार उघडलं, कंदील वर करून माझ्या पायाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "आत ये आधी."

विझत आलेली चूल परत पेटली. भाकऱ्या, पिठलं. पायाला हळद गरम करून बांधली. आणि अंगावर गोधडी घातली. जुन्या नऊवारींची, हिरव्या काठाची, वजनदार. मला नीट आठवतंय, ती गोधडी गरम होती. मला वाटलं चुलीजवळ ठेवली असेल. झोपून गेले.

असो. मुद्द्यावर येते.

खोली गार होती म्हणे. डोंगरात डिसेंबरात खोली गार नसेल तर काय असेल? आणि एक गंमत सांगते, हे लोक नेहमी उलटं समजतात की वर गडावर थंडी, खाली गावात ऊब. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून सरकत खोलगटात साचते. म्हणून कित्येकदा माथ्यापेक्षा पायथ्याचं गावच जास्त काकडतं. त्या घराने काय करावं, दरीला हीटर लावावा? तुम्ही चारशे-पाचशे रुपये देता, त्यात जेवण, चहा, गाडीला अंगण, आणि मध्यरात्री "काकू, अजून एक ब्लँकेट" म्हणून हाक मारायची सोय. त्या मध्यरात्री उठतात. हे रिव्ह्यूत नाही.

आणि जे रिव्ह्यूत नाही ते मी सांगते. त्याच मुलाच्या स्टेटसवर व्हिडिओ आहे. अंगणात स्पीकर, गाडीची डिकी उघडी, रात्रीचा एक. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासून. तुमच्या पार्किंगचं लॉन नाही. शेजारच्या घरात कुणी आजारी असेल, कुणाला पहाटे उठून कामाला जायचं असेल. कोंबडा चारला आरवला त्याचा यांना त्रास! कोंबड्याने यांना किती स्टार द्यायचे?

वर डोळे करून बघितलं असतंत तर त्या वेळी मृग डोक्यावरून पश्चिमेला कलायला लागलेला असतो, मागे व्याध असा लखलखत की बोट दाखवावं लागत नाही. वायफाय नाही म्हणे.

बरं, मान्य आहे. संडास स्वच्छ नव्हता असंही लिहिलंय, आणि ते खरं असेल तर चूकच. पैसे घेता तर तेवढं हवंच. दुसरं, तो मुलगा वाईट नाही. गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती तर माझी किराण्याची पिशवी चौथ्या मजल्यापर्यंत त्यानेच आणली. तेव्हा मी त्याला पाच स्टार दिले नव्हते.

पण ती गोधडी डोक्यातून जात नाही.

कारण गोष्ट तिथे संपली नव्हती. पहाटे मला जाग आली, पाय ठणकत होता. चुलीच्या उजेडात पाहिलं तर काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा पोत्यात पाय घालून झोपला होता. पोत्यात. भाताच्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की गोधडी गरम का होती. ती चुलीजवळ नव्हती. त्याच्या अंगावर होती. झोपलेल्या पोराच्या अंगावरून काढून त्या बाईने ती मला घातली होती. मी कोण? अंधारात सूर्यास्त बघत बसलेली एक शहाणी.

मी उठून ती परत द्यायला हवी होती. नाही दिली. थंडी होती. डोळे मिटून पडून राहिले. सोळा वर्षं झाली, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सोबतच्या चौघी हे वाचतीलच, तर वाचा.

आणि पुढचंही सांगून टाकते, आता लाज कशाची. सकाळी निघताना हिशेब झाला. त्या म्हणाल्या, द्या काय द्यायचं ते. आमच्यातल्या एकीने (नाव घेत नाही, ती मीच) भाकऱ्या मोजल्या. पाच जणींच्या मिळून अकरा. त्यावर पिठल्याचे अंदाजे धरले आणि दीडशे रुपये हातावर ठेवले. वर आणखी परतीच्या गाडीत म्हटलं, "स्वस्तात झालं."

म्हणजे स्टार द्यायची सोय तेव्हा असती तर मी काय दिले असते, देव जाणे. संडास तर तेव्हा नव्हताच.

हे इथपर्यंत लिहिलं आणि मगाशी राहवलं नाही, फोन लावला. नंबर त्या मॅपवरच होता. पोरगा बोलला. म्हणजे तोच, पोत्यातला. आता पंचविशीकडे आलाय, मागे तीन खोल्या बांधल्यात, गाद्या, ब्लँकेटं, सगळं आहे. मी ओळख दिली तर आधी त्याला आठवेना, मग आईला विचारून आला आणि हसला. मी तावातावाने रिव्ह्यूचं काढलं. वाटलं, तो माझ्याहून चिडेल. तर म्हणतो, "जाऊ द्या ताई. पाणी कमी पडलं हे खरंय. त्या दिवशी बत्तीस माणसं होती. सोलर टाकतोय आता, कर्ज मंजूर झालंय." आणि मग हळूच, "तुम्ही लिहिता का तिथं काहीतरी चांगलं? दोन स्टार खाली आले की फोन येत नाहीत."

मी इथे डोंगराचं पावित्र्य वगैरे घेऊन बसलेय, आणि त्याला गरम पाण्याची टाकी हवी आहे. घ्या.

मी विचारलं, ती हिरव्या काठाची गोधडी आहे का अजून? आहे म्हणाला, आई पांघरते. पाहुण्यांना आता देत नाही, धुराचा वास येतो म्हणतात.

रिव्ह्यू लिहिला मी. पाच स्टार. भाकऱ्या मोजल्याचं त्यात लिहिलेलं नाही.

एकतीस तारखेला जागा आहे का विचारलं, तर तिन्ही खोल्या फुल. मी म्हटलं बरं, मग नंतर कधीतरी. तर आतून काकूंचा आवाज आला, फोन त्यांच्या कानाशी नव्हता तरी स्पष्ट ऐकू आला, "खोली कशाला पायजे तिला? घरात झोपंल माझ्यापाशी."

घोटा अजून थंडीत दुखतो. बघते.