‘तीन इंची पिस्तूल गळ्यात मारलं’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीत देतो. ह्यूस्टनमधली आपली बरीच मंडळी दुकानात येतात, त्यांच्याही कामी येईल. तुमची तक्रार अशी की, आमच्याकडून घेतलेलं 3 इंची नळीचं, 1911 धाटणीचं (अमेरिकन लष्कराच्या 1911 सालच्या पिस्तुलाच्या नमुन्यावरचं) .45 कॅलिबरचं पिस्तूल रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, सारखं अडकतं, पैसे परत मागितले तर आम्ही नकार दिला, आणि वर ‘तुमची मूठ सैल पडते’ म्हणून खापर तुमच्याच डोक्यावर फोडलं.

एक तारा दिलात, तो राहू द्या. माल सदोष होता, हे मात्र मला मान्य नाही. त्याचं कारण तुम्हीच टाकलेल्या फोटोत आहे. रिकामी पुंगळी नीट बाहेर पडली आहे. अडकलंय ते पुढचं काडतूस. ते मॅगझिनमधून (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीतून) पुरतं वर यायच्या आत स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) पुढे आली आणि काडतुसाची कड पकडण्याऐवजी त्याच्या अंगावर चढून बसली. शिवाय तुम्ही लिहिलंय की हे बहुतेक वेळा शेवटच्या दोन गोळ्यांनाच होतं. मॅगझिन रिकामं होत आलं की त्याची स्प्रिंग सैलावलेली असते, काडतूस वर ढकलायचा जोर तेव्हाच सगळ्यात कमी असतो.

आता लांबीचा विषय. जॉन ब्राउनिंग या बंदूक-रचनाकारानं 1911 पिस्तुलाची रचना केली ती 5 इंची नळीसाठी. मार्च 1911 मध्ये अमेरिकन लष्कराच्या चाचणीत त्या पिस्तुलातून 6,000 गोळ्या झाडल्या, एकही अडली नाही. म्हणजे मूळ रचनेत खोट नव्हती. पुढे कोल्ट या कंपनीनं तीच रचना कापत नेली: 1950 च्या सुमारास सव्वाचार इंच, 1985 मध्ये साडेतीन आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस 3 इंच. गोळी मात्र तीच राहिली, 230 ग्रेन (वजनाचं माप) वजनाची .45. धक्का तेवढाच आणि तो झेलणारी स्लाइड हलकी, म्हणून ती जास्त वेगानं मागे येते. तिला रोखायला तिची स्वतःची स्प्रिंग (रिकॉइल स्प्रिंग) कडक हवी. 5 इंचीला साधारण 16 पौंडांची चालते, सव्वाचारला 18, साडेतीनला 22 च्या आसपास. आणि ही कडक स्प्रिंग कमी जागेत कोंबायची, म्हणजे ती लवकर थकणार हेही आलंच.

खरी अडचण मात्र स्लाइडच्या प्रवासात आहे. मोठ्या पिस्तुलात स्लाइड मॅगझिनच्या बरीच मागे जाते आणि मग परत फिरते. तेवढ्या वेळात पुढचं काडतूस वर येऊन बसतं. आखूड पिस्तुलात ती कमी मागे जाते आणि कडक स्प्रिंगमुळे चटकन परतते. दादरला गाडी थांबायची वेळ निम्मी केली तर दारातल्या माणसाचं जे होईल, तेच त्या काडतुसाचं होतं. नळीचंही तसंच. 1911 मध्ये नळी खाली झुकून स्लाइडपासून सुटते. ती आखूड केली की तेवढंच झुकायला कोन जास्त लागतो, म्हणून 3 इंचीत पुढचं बुशिंग (नळीचं तोंड स्लाइडमध्ये धरून ठेवणारी कडी) काढून नळीचं तोंडच जाड घडवतात. सगळी मापं अशी आवळली गेल्यावर चुकीला जागा फारशी उरत नाही.

मुठीचं याचसाठी म्हणालो, टोमणा नव्हता तो. स्लाइडला पूर्ण मागे जायचं तर खालची फ्रेम जागेवर राहायला हवी. तुमची फ्रेम अॅल्युमिनियमची, वजनाला हलकी. मनगट ढिलं पडलं की स्लाइडबरोबर फ्रेमही मागे येते आणि आधीच कमी असलेला प्रवास आणखी घटतो. 5 इंची पोलादी पिस्तूल असली ढिलाई पोटात घालतं, हे घालत नाही. हात दमल्यावर भल्याभल्यांचं असं होतं.

आखूड पिस्तुलं सगळीच अडकतात असा मात्र याचा अर्थ नाही. वॉल्थर पीपीके 1930 च्या सुमारासचं, नळी साडेतीन इंचांच्या आत. पण त्याची नळी झुकत नाही आणि काडतूसही सौम्य. ग्लॉक 26 ची नळी 3.43 इंच, पण त्यात सुरुवातीपासूनच एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा आहेत. म्हणून तुम्ही काउंटरवर आलात तेव्हा, खिशात मावणारं हवं तर ग्लॉक पाहा आणि 1911 च हवं तर सव्वाचार इंचाच्या खाली जाऊ नका, असं मी म्हणालो होतो. तुम्हाला 3 इंची आवडलं. दिसतं देखणं, तुमचा दोष नाही.

पैशांचं. फॉर्म 4473 (बंदूक विकत घेताना भरायचा सरकारी फॉर्म) भरून पिस्तूल तुमच्या नावावर गेलं की आमच्यासाठी ते नवं राहत नाही. परत घेतलं तर वहीत पुन्हा नोंद करून जुनं म्हणूनच विकतो. पावतीवर तसं छापलेलं आहे, आणि हा नियम सगळ्या गिऱ्हाइकांना एकच. अदलाबदलीत मात्र नक्की घेईन, सव्वाचार इंची हवं असेल तर वरचा फरक द्या.

त्याआधी एक करू. शनिवारी सकाळी या. रिकॉइल स्प्रिंग नवी घालतो, मॅगझिनमध्ये जास्त ताकदीची स्प्रिंग टाकतो, दोन्हीचे पैसे नकोत. मग शेजारच्या रेंजवर आधी मी झाडतो, मग तुम्ही, गोळ्या त्याच. माझ्याही हातात अडकलं तर कंपनीकडे दुरुस्तीला मी पाठवतो, येण्याजाण्याचा खर्च माझा. दुरुस्त होऊन तेच पिस्तूल परत आलं तर फॉर्म पुन्हा भरावा लागत नाही.

पिस्तूल रिकामं करून पेटीतच आणा, काउंटरवर उघडू नका. दोन्ही मॅगझिनं आणि तुम्ही वापरलेल्या गोळ्यांचा उरलेला बॉक्सही बरोबर घ्या. फोटोत त्या पोकळ टोकाच्या दिसतायत, तेही एकदा तपासायचंय.