आवाज एकीचा, ओठ दुसरीचे

शटर पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी, चार कटिंग, आणि संद्याच्या फोनवर ब्लॅक बॉक्स ह्या बँडचं 'राइड ऑन टाइम'. संद्या वरातीला डीजे लावतो, त्यामुळे संगीतावर शेवटचा शब्द आपलाच, असं तो धरूनच चालतो.

"1989! ब्रिटनमध्ये सहा आठवडे एक नंबर. त्या वर्षी तिथं सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल. केलं कोणी? तीन इटालियन पोरांनी. हाउसचा, म्हणजे क्लबातल्या नाचाच्या संगीताचा, पियानो असा पाहिजे, लेका!"

"पियानो पोरांचा. गळा कोणाचा?" मिल्या.

"सॅम्पल आहे ते."

"सॅम्पलला आईबाप नसतात का? लोलिआटा हॉलोवे. 1980 चं तिचं 'लव्ह सेन्सेशन', त्यातून आवाज उचलला. ती म्हणते 'राइट ऑन टाइम', ह्यांनी ऐकलं 'राइड'. उचललं ते उचललं, वर धड ऐकलंही नाही! आणि व्हिडिओत ओठ हलवायला कात्रिन किनोल, फ्रेंच मॉडेल."

"मग मूळ गाणं का नाही गेलं ब्रिटनमध्ये एक नंबरला?"

"अमेरिकेच्या डान्स चार्टवर गेलं होतं."

"डान्स चार्ट वेगळा रे!"

इथे संद्या फसला. मी म्हटलं, वेगळा म्हणजे कसा, तूच सांग. क्लबातले डीजे कळवायचे, काय वाजवलं आणि कशावर लोक नाचले. दुकानातल्या विक्रीचा त्यात संबंध नाही. ब्लॅक बॉक्सचंच 1990 चं 'एव्हरीबडी एव्हरीबडी' त्या चार्टवर एक नंबर झालं. गायली होती मार्था वॉश, व्हिडिओत पुन्हा किनोल. अंधारात, धुरात नाचणाऱ्याला चेहरा दिसतोय कुठे? म्हणजे तो नंबर निव्वळ आवाजानं आणि ठेक्यानं काढला.

"आणि ठेक्यानं," संद्यानं तेवढंच उचललं.

"बरं, ठेक्यानं. पण मॉडेल कशाला लागली?"

"टीव्हीला," पिंट्या म्हणाला. तो इतका वेळ बिस्किट बुडवत होता. "बाई जाड असणार."

होतीच. जाडेपणामुळे आपल्याला पडद्याआड ठेवलं, हे वॉशनं स्वतः सांगितलंय. ती कोर्टात गेली. हॉलोवेचे वकीलही आले, तेव्हा 'राइड ऑन टाइम'मधला हॉलोवेचा तुकडा हेदर स्मॉल ह्या गायिकेकडून पुन्हा गाऊन घेतला. म्हणजे तिसरीच बाई!

"आपल्याकडे काय वेगळं?" संद्या. "मधुबालाचे ओठ, लताबाईंचा गळा. कोणी रडलं का?"

"रडले नाहीत, पण रेडिओला विचारून विचारून भंडावलं," मिल्या म्हणाला. "1949, 'महल'. 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? कामिनी. सिनेमातलं पात्र! लोकांनी विचारलं म्हणून लताबाईंचं नाव बाहेर आलं."

संद्या गप्प. मग विषय बदलायचा म्हणून त्यानं स्वतःचं नवीन कोळीगीत रिमिक्स लावलं. वीस सेकंदांत एक घोगरा आवाज ओरडला, 'डीजे संदीप इन द मिक्स!' चाळीस सेकंदांनी परत. पिंट्यानं मोजलं, पाच मिनिटांत आठ वेळा.

"झकास," मिल्या म्हणाला. "गायलंय कोणी?"

संद्यानं फोन जवळ घेऊन फाइलचं नाव बघितलं. मग खाली सरकवत बराच वेळ शोधत राहिला.

"चहाचे कोण देतंय?" पिंट्या उठला.