ओढणी हलते आहे

आमच्याकडे पहाटे साडेचारचा गजर झाला तरी आता कुत्रासुद्धा कान हलवत नाही. मी उठतो, चष्मा शोधतो, मागच्या डेकवरचा दिवा लावतो आणि कठड्याला बांधलेल्या बायकोच्या जुन्या ओढणीकडे बघतो. ओढणी हलत असली की परत येऊन झोपतो. एप्रिलपासून ती हलतेच आहे.

मी पॉवर्ड पॅराशूटच्या प्रॅक्टिकल परीक्षेची तयारी करतोय. इथे अमेरिकेत तिला चेकराइड म्हणतात. तीन चाकांचा गाडा, पाठीशी इंजिन आणि पंखा, डोक्यावर साधारण पाचशे चौरस फुटांचं कापड, एवढंच हे विमान. पुण्यात तेवढ्या कार्पेट एरियात लोक संसार करतात. मी तो एरिया पहाटे ओल्या गवतावर अंथरतो आणि त्याच्या दोऱ्या सोडवत बसतो. गणपतीनंतर नीट गुंडाळून ठेवलेली दिव्यांची माळ पुढच्या वर्षी कशी बाहेर निघते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

साताऱ्याहून आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, “मेडिकल झालं का रे?”

“लागत नाही. स्पोर्ट पायलटला इथलं गाडीचं लायसन्स चालतं.”

आई जरा वेळ गप्प. “म्हणजे तू गाडी चांगली चालवतोस, या भरवशावर तुला वर सोडणार?”

स्वयंपाकघरातून बायको गरजेपेक्षा जास्त हसली.

तिच्या हसण्यात तथ्य आहे. या गाड्याचं स्टिअरिंग पायात असतं. उजवा पाय दाबला की उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे, आणि उतरताना अगदी जमिनीजवळ दोन्ही पाय एकदम. पण तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस घाबरला की त्याचा उजवा पाय ब्रेक शोधतो. जमीन अंगावर येताना दिसली की मी ब्रेक दाबायचो आणि गाडा गुमान उजवीकडे वळायचा. धावपट्टीच्या उजवीकडे मका होता. त्या शेतकऱ्याला माझं नाव पाठ आहे.

थ्रॉटलचंही, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचंही, तसंच. तो वाढवला की गाडा जोरात पळत नाही, वर चढतो. कमी केला की खाली येतो. वेग जवळपास ठरलेला, ताशी तीस मैलांच्या आसपास. समोरून वीस मैलांचा वारा आला तर खालच्या रस्त्यावरचा सायकलवाला आपल्याला मागे टाकतो. म्हणून वारा दहा मैलांच्या वर गेला की आमचा इन्स्ट्रक्टर गाडा बाहेरच काढत नाही. नियमाप्रमाणे निदान १२ तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १० इन्स्ट्रक्टरबरोबर, २ एकट्याने. बारा तास म्हणजे काय, मुंबई-नागपूर रेल्वे! मला चौदा महिने लागले.

आणि आम्ही राहतो ओहायोतल्या डेटनजवळ. राइट बंधूंचं गाव. त्यांना उडायला वारा हवा होता आणि गावात तो पुरेसा नव्हता, म्हणून ते पार किटी हॉकच्या किनाऱ्यावर गेले. १७ डिसेंबर १९०३ ला ते पहिल्यांदा उडाले तेव्हा ताशी वीस मैलांच्या वर वारा होता. आमच्या इन्स्ट्रक्टरने दोघांनाही घरी पाठवलं असतं.

अखेर परीक्षेचा दिवस आला. परीक्षक तीन तास गाडी चालवून आले. हँगरमध्ये आधी तोंडी: गाड्याची कागदपत्रं कोणती, नकाशावरची ही निळी रेघ कसली, इंजिन बंद पडलं तर कुठे उतराल? (“मक्यात,” असं म्हणणार होतो.) तोंडी चांगली झाली. बाहेर आलो तर विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारा तो खांबावरचा कापडी मोजा, झेंडावंदनाला उभा राहिल्यासारखा ताठ.

“मग? उडायचं?” परीक्षकांनी विचारलं.

इतक्या लांबून आलेल्या माणसाला चहाही न देता परत पाठवायचं, तसं वाटलं. त्यात फी माझीच. घशापर्यंत आलेला होकार गिळला आणि म्हटलं, “आज नको.”

त्यांनी शांतपणे एक पत्र लिहून दिलं. तोंडी झालेली धरली जाईल, उरलेली परीक्षा साठ दिवसांत द्यायची. पत्र फ्रिजवर लावलंय.

“पास झालास का?” बायकोने विचारलं.

“तोंडी झालो.”

“आणि बाकीची?”

“हवेत आहे.”

आज एक्केचाळिसावा दिवस. साडेचारला दिवा लावला तर ओढणी दिसेचना. वाऱ्याने नेली म्हणून तिला चार शब्द हासडले आणि चाचपडत कठड्याशी गेलो. ओढणी जागच्या जागी होती. ओली, सरळ, निश्चल. वारा शून्य! इन्स्ट्रक्टरला फोन लावायला वळलो आणि लक्षात आलं, घराचं दारही दिसत नाहीये. उडायला निदान तीन मैल दिसावं लागतं. मला माझी चप्पल दिसत नव्हती.

आतून बायको म्हणाली, “उठलाच आहेस तर ती ओढणी मशीनला टाक.”